कलमी बदाम

बदाम मी खात नाही. लोक विचारतात, ताई, पचत नाहीत का, उष्ण पडतात का? मी म्हणते, हो, उष्ण पडतात. एवढं बोलून सुटका करून घ्यायची. सगळं सांगत बसलं तर अर्धा दिवस जातो, आणि ऐकणाऱ्याला शेवटी हसूच येतं. आज लिहायला बसलेय ते समोर हसणारं कुणी नाही म्हणून.

नव्वदनंतरची ती वर्षं. बी.कॉम. होऊन मी बारामतीत एका घाऊक किराणा दुकानात कामाला लागले. आठवडाभर आत्याकडं राहायचं आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एसटीनं निमगाव केतकीला घरी. दुकानातलं माझं काम फोनचं. सकाळी मुंबईला मशीद बंदरच्या दलालाला फोन लावायचा, भाव घ्यायचे आणि दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचे. खोबरं, खारीक, वेलदोडा, काजू आणि सगळ्यात खाली बदाम. लाइन कधी दहा मिनिटांत लागायची, कधी पाऊण तासानं. लागली तरी निम्मं ऐकू यायचं, निम्मं अंदाजानं. गल्ल्यावरून शेठ ओरडायचे, "आवक विचार, आवक!" मी फोनमध्ये ओरडायचे, तिकडून दलाल ओरडायचा. फळ्यावर लिहायच्या आधीच भाव सगळ्या पेठेला कळत असतील.

बदामाचं प्रकरण बाकीच्यांपेक्षा न्यारं होतं. खोबरं कुठून येतं, वेलदोडा कुठून येतो हे आपल्याला माहीत असतं. बदाम यायचा अमेरिकेतून. तिथं माघात झाडं फुलतात, फुलांवर मधमाश्या सोडतात, त्याच दिवसांत पाऊस आला की माश्या बाहेर पडत नाहीत आणि पीक तुटतं. गणपतीच्या सुमाराला तिकडं झाडं झोडपायला लागतात. माल डब्यात भरून जहाजावर चढतो आणि दिवाळी होऊन गेल्यावर आपल्या बंदराला लागतो. म्हणजे इथं जेव्हा सगळ्यांना बदाम पाहिजे असतो तेव्हा गोदामात जुनाच माल असतो आणि भाव चढा. हे सगळं मला पहिल्या वर्षातच तोंडपाठ झालं. दलाल फोनवर म्हणायचा, "माल पाण्यावर आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले. म्हटलं पोतीबिती भिजली की काय! शेठ पोट धरून हसले. पाण्यावर म्हणजे जहाजात, निघालाय, पोचायचाय.

घरी जाऊन हे मी तात्यांना सांगितलं, म्हणजे माझ्या वडिलांना. तेही हसले. मग म्हणाले, "आपलाबी माल पाण्यावरच हाय की. पाणी मिळालं तर माल."

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला किती वेळ सोडायचं, कुणाची पाळी कधी, ते बघायचं. सगळी नोकरी दुसऱ्याच्या रानाला पाणी पाजण्यात गेली. आमची स्वतःची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, माळावर. खाली ऊस हिरवागार आणि वर आमची कुसळं. रिटायर झाल्यावर कुणी कुणी म्हणायचं, तात्या, टाका की गुपचूप एक पाइप, तुम्हाला कोण धरतंय? तात्या भडकायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची चोरी पकडली, आता मी करू? कालव्यातनं कळशीभर पाणीसुद्धा त्यांनी आईला कधी आणू दिलं नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. अभिमान वाटायला काय जातं, कळशी माझ्या डोक्यावर थोडीच होती.

त्या काळात आमच्याकडं फळबागांचं वारं शिरलं होतं. आधी बोरं. माळावर गावठी बोरीची झाडं होती, हरभऱ्याएवढ्या बोरांची, निम्मी किडकी. कुणीतरी त्यांनाच डोळे भरले. म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब गावठी झाडाच्या सालीत बसवला आणि त्याच खोडाला लिंबाएवढी बोरं लागली. आम्ही सगळ्यांनी हे डोळ्यांनी बघितलं. काल ज्या झाडाला शेळ्या तोंड लावत होत्या त्याची बोरं आज पेटीत भरून जायची. एकदा हे बघितल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो. तात्यांनी ठेवला.

बाजाराच्या दिवशी एक रोपवाला टेंपो घेऊन आला होता. आंबा, चिकू, लिंबू, आणि एका कडेला मोठ्या पानांची रोपं. तात्यांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बदाम. कलमी बदाम." आता बदामाचं झाड आमच्या शाळेच्या मैदानातही होतं. त्याची जांभळी फळं आम्ही पोरं दगडानं फोडायचो, आत बोटाच्या नखाएवढा गर. तात्यांनी तसं म्हटलंसुद्धा. रोपवाला म्हणाला, "ते गावठी वो. हे डोळं भरल्यालं. गावठी बोर अन् कलमी बोर, तसं हे." झालं! तात्यांना पटलं. खरं सांगायचं तर घरात सगळ्यांनाच पटलं, मलाही. गावठीचं कलमी होतं हे आम्ही बघितलेलं होतं, आणि दुकानातला बदाम म्हणजे त्या शाळेतल्या बदामाचाच कलमी भाऊ, यात न पटण्यासारखं काय होतं? नाव तर एकच. चाळीस रोपं घेऊन तात्या बैलगाडीतून घरी आले आणि मला म्हणाले, "बाय, तू बदामाच्या दुकानात आन् मी बदामाच्या रानात. जमलं बघ."

खड्डे तात्यांनी घेतले, कुंपणाला बाभळीच्या फांद्या त्यांनी ओढल्या. पण त्यांचं आतडं उतरलेलं होतं, डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलेलं. मग पाणी आईकडं आलं. येणारच. गावाच्या कडेच्या हापशावरून माळापर्यंत चढ होता. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. एका खेपेत दोन झाडं. हिवाळ्यात आठवड्यातनं दोनदा, उन्हाळ्यात दिवसाआड. सकाळी काही, उतरत्या उन्हात काही. मी घरी असले की खेपा घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मान वळायची नाही. आई हे वर्षभर करत होती आणि वर तिला लोकांच्या खुरपणीलाही जायचं असायचं.

मी घरी गेले की तात्या आधी पाणी प्यायला द्यायचे आणि मग विचारायचे, "काय म्हनतंय मार्केट?"

हा प्रश्न मला फार आवडायचा. आता कबूल करते. तात्या कमी बोलणारे. नोकरी सुटल्यावर तर पार मिटून गेले होते. दिवसभर अंगणात बसायचं, बुद्धविहारात जायचं, परत अंगणात. माझ्या शिक्षणाचं, परीक्षेचं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. आणि आता माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि मी सांगेन ते ऐकायचा. तिकडं फुलोरा कसा आहे, जहाजं किती लागली, दलाल तेजी म्हणतो की मंदी. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात जाऊन हेच सगळं ते लोकांना सांगायचे. "आमची लेक मार्केटात हाय. तिला समदं ठावं असतंय." एकदा मी रस्त्यानं जाताना हे कानावर पडलं. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

रोपं लावल्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी मुंबईच्या दलालानं दुकानाला कॅलेंडर पाठवलं. अमेरिकेतल्या बदामबागांचे फोटो. शेठनी ते माझ्या फोनच्या वर टांगलं. पहिली पानं नुसत्या फुलांची, पांढरी-गुलाबी. त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या एका पानावर जवळून काढलेली फांदी होती. हिरवी लवदार फळं आणि पानं बारीक, लांबट, मिरचीच्या पानापेक्षा जरा मोठी. मी फोन कानाला लावून त्या पानांकडं बघत राहिले. तिकडून दलाल भाव सांगत होता, मी लिहिलेच नाहीत. आमच्या झाडांची पानं पत्रावळीला लावावीत एवढी होती.

पुढच्या वेळी मी घरून येताना आमच्या झाडाचं एक पान वहीत घालून आणलं. थोड्या दिवसांनी दलाल स्वतः बारामतीला आला. फोनवर एवढा ओरडणारा माणूस समोर आल्यावर अगदी हळू बोलायचा. शेठ आत गेल्यावर मी त्याला पान दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हे कुठलं आणलंत? हा समुद्राकाठचा बदाम. मुंबईत रांगा आहेत याच्या. सावलीला चांगला."

मी विचारलं, "कलमी असेल तर?"

"कशाचंही कलम करा. हे झाडच निराळं, त्याचा याचा काही संबंध नाही. खऱ्या बदामाला कडाक्याची थंडी लागते. तुमच्या बारामतीत कुठली थंडी?" आणि तो हसला. वाईट नाही हसला, कुणीही हसलं असतं. मी पान वहीत परत ठेवलं आणि म्हटलं, मैत्रिणीनं विचारलं होतं.

आता सांगायचं हे मी ठरवलं होतं, शपथेवर सांगते. एसटीत बसून वाक्यं जुळवली. "तात्या, एक बोलायचंय." घरी पोचले तर अंगणात दोन-तीन माणसं बसलेली. तात्या त्यांना म्हणाले, "आली बघा. हिलाच इचारा." एकानं विचारलं, बदामाला पुढं दिवस कसे आहेत? आणि मी, मेली, चप्पल काढता काढता सांगायला लागले, की तिकडं यंदा असं आहे, मागणी वाढती आहे, लोकांच्या खाण्यात बदाम यायला लागलाय. ती माणसं माना हलवत होती. तात्या माझ्याकडं बघत होते. माणसं गेल्यावर सांगू म्हटलं. माणसं गेली, जेवणं झाली, नाही सांगितलं. पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला आणखी अवघड झालं, कारण आता आठवडा उशीर झालेला होता. मग महिना झाला. उशीर हा असा वाढत जातो.

तिसऱ्या वर्षी तिकडं फुलोऱ्यातच पावसानं झोडपलं. दलाल रोज वेगळं सांगायचा, पण सूर एकच, माल तुटणार. भाव चढत गेले. शेठनी मला दिवसातून दोनदा फोन लावायला सांगितला. फळ्यासमोर लोक थांबून बदामाचा आकडा वाचायचे आणि "आरं तिच्या!" म्हणून पुढं जायचे. हे तात्यांना कळलं, तसं ते दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे वागायला लागले. झाडांच्या बुंध्याभोवती पाण्याची आळी नव्यानं केली, खत घातलं. खत घातल्यावर पाणी जास्त लागतं. आईच्या खेपा वाढल्या.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या रानातले आप्पा आमच्याकडं आले. साखर कारखान्याचे सभासद, ऊसवाले, पण माणूस सरळ. त्यांच्या खालच्या विहिरीला पाणी लागलं होतं आणि वरच्या तुकड्यात ते डाळिंब करणार होते. पाइपलाइन आमच्या बांधावरून जाणार होती. ते म्हणाले, "तात्या, तुमीबी डाळिंब लावा. पाणी माझं, रान तुमचं, निम्मं निम्मं. फकस्त ही झाडं काढावी लागत्याल. सावली धरत्यात, डाळिंबाला चालायची न्हायत." तात्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. बदाम सोडून डाळिंब कोण लावंल? आप्पा म्हणाले, आठ दिवस विचार करा, घाई न्हाय.

त्या आठ दिवसांत मी घरी आले होते. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तात्या बाहेर गेलेत याची तिनं आधी खात्री करून घेतली. मग हात न थांबवता म्हणाली, "तू सांग. बदाम ठिवावं का डाळिंब लावावं?"

मी म्हटलं, "तात्या काय म्हणतात?"

"त्यो काय म्हनतोय ते सोड. त्याला रान दिसतंय, तुला मार्केट कळतंय. पाइप आली तर माझं हापशाचं चुकंल. पर बदामाचं खरंच तसं असंल, तर मी आनकी दोन वरसं काढीन. काढीन म्हंजी काढीन. तू सांग."

माझ्या आईनं मला उभ्या जन्मात विचारलेला हा एवढाच प्रश्न. तिचा गुडघा तेव्हा सुजलेला होता. उठताना ती भिंतीला हात लावायची. हे मला दिसत होतं. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "बदामाचा भाव पुढंही चांगलाच राहील."

खोटं नव्हतं हो ते! मार्केटचा अंदाज विचारला, मी मार्केटचा अंदाज सांगितला. शेठ, दलाल, सगळे तेच म्हणत होते. एवढं खरं वाक्य मी पुन्हा कधी बोलले नसेन. आईनं मान हलवली, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग ठिवू."

आप्पांनी त्यांची डाळिंबं लावली. पाइप आमच्या बांधावरून गेली.

चौथ्या वर्षी फळं आली. सगळ्या झाडांना नाही, दहा-बाराच झाडांना, पण आली. हिरवी, मग जांभळट. तात्यांनी ती वेचून पत्र्यावर वाळत घातली आणि वरची साल चाकूनं खरवडून काढली. फळं बघून त्यांना काही वाटलं नाही का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. वाटलं असेल. पण कलमी बोरीचीही पहिल्या बहराला फळं बारीकच असतात, असं ते म्हणायचे. मला विचारलं, "आनू का शेठला दावायला?" मी म्हटलं, "दिवाळी होऊ द्या तात्या, आता शेठना मान वर करायला वेळ नाही." मला वाटलं, दिवाळीपर्यंत काहीतरी करता येईल. काय करता येणार होतं, मला ठाऊक नाही.

तात्या दिवाळीच्या तोंडावरच आले. कारण नवा माल बंदराला लागायच्या आत भाव चढा असतो, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

दुकान गच्च भरलेलं. मी फोनवर होते. दारात तात्या दिसले. धुतलेलं धोतर, खात्याचा खाकी शर्ट, खांद्यावर अर्धी भरलेली गोणी. वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलेला माणूस. मी फोन तसाच धरून उभी राहिले. तात्यांनी मला हात केला आणि सरळ गल्ल्याकडं गेले. "शेठ, रामराम. हिचा बाप मी. माल आनलाय. बघून घ्या."

शेठनी गोणीचं तोंड उघडलं. त्यांनी ओंजळभर फळं वर घेऊन बघितली. शेजारचं एक गिऱ्हाईक वाकलं आणि म्हणालं, "आवो तात्या, ही तर शाळंच्या मैदानातली बदामं! आमी दगडानं फोडायचो." चार-पाच जण हसले. शेठ त्यांच्यावर खेकसले. मग त्यांनी एक फळ फरशीवर ठेवलं आणि लोखंडी वजनानं फोडलं. दोन घाव वाया गेले, तिसऱ्याला फुटलं. आतून निघाला तो गर भुईमुगाच्या पोचट दाण्याएवढा, तोही दोन तुकडे झालेला. तात्यांनी तो उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"चव तीच हाय की वो," ते म्हणाले.

शेठ म्हणाले, "चव तीच आहे तात्या. जात वेगळी."

शेठना झाडाची जात म्हणायची होती. दुकानात दिवसभर गव्हाची जात, तांदळाची जात असंच बोलणं चालतं. पण आमच्या आजोबांनी ज्या शब्दापायी धर्म बदलला, गळ्यातल्या माळा काढून टाकल्या, तो शब्द असा भरल्या दुकानात कानावर पडला. तात्यांनी झटकन मान वर केली. मग त्यांना अर्थ लागला आणि मान परत खाली गेली. शेठच्याही ते ध्यानात आलं. बिचारे गडबडले, चहा मागवला, तात्यांना गादीवर बसवलं, मला म्हणाले, जा, तात्यांना घरी सोडून ये, उद्या आलीस तरी चालेल. तात्यांनी चहा घेतला. बदामाचं उघडं पोतं शेजारीच होतं. त्यांनी त्यातला एक बदाम उचलला, बोटांत फिरवला आणि परत पोत्यात टाकला.

एसटीत मी खिडकीशी, ते माझ्या शेजारी. गोणी दुकानातच राहिली होती. इंदापूर रस्ता लागल्यावर ते बोलले. "तुला कुठनं ठावं असनार म्हना. तू फोनवर असतीस. तुला भाव कळायचा, झाड कुठनं कळनार." मी म्हटलं, "हं." तेवढंच म्हटलं. तिथंसुद्धा मला त्यांची ती समजूत मोडवली नाही, की माझी अब्रू राखायची होती, कोण जाणे. दोन्ही असेल.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. तात्या अंगणात न थांबता आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. आई माळावरून आली, डोक्यावर रिकामा हंडा. तिनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हंडा खाली ठेवून मला खुणेनं परसात नेलं. मी सगळं सांगितलं. दुकानातलं, हसण्याचं, शेठचं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कवापास्नं ठावं हाय?"

तात्यांसारखं तिनं मला मोकळं सोडलं नाही. माझ्याकडं सरळ बघत होती. मी म्हटलं, "दुसऱ्या वर्षापासनं."

"म्या चुलीपाशी इचारलं तवा?"

"तेव्हाही."

ती ओरडेल, रडेल, दोन मुस्काटात देईल, काहीतरी होईल असं वाटलं होतं. मला ते हवंही होतं. ती धुण्याच्या दगडावर बसली आणि पाय लांब केले. बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "बाचं मन राखलंस. ऱ्हाऊ दे, त्याचं काय न्हाय. पर मला कानात सांगायचं हुतंस, पोरी. मी रिकामा हंडा घिऊन गेले असते. झाडं दोन म्हयन्यात वाळली असती, आपुन म्हनलो असतो, उनानं गेली. त्याला कोन हसलं असतं?"